तात्पुरतं फोल्डर रिकामं कोण करणार?

घरचा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पीक विमा, महाडीबीटी, शिष्यवृत्ती, पोरीच्या कॉलेजचा प्रवेश. प्रत्येक अर्जासोबत सातबारा, आठ-अ, पासबुक आणि आधार यांच्या प्रती घरच्या कॉम्प्युटरवर साचत जातात. 'फोटो इतक्या केबीच्या आत द्या' असं पोर्टल म्हणतं. मग मूळ फोटो, लहान केलेला फोटो आणि त्याहून लहान केलेला फोटो, असे तिघेही कायमचे मुक्कामाला राहतात. म्हणून या वेळी आलेल्या पत्रांतून तात्पुरत्या फोल्डरांचे प्रश्न वेगळे काढले. काही फोल्डरं कॉम्प्युटर स्वतः करतो, काही आपण करतो. पहिल्या प्रकारातली रिकामी करायला कुणीतरी नेमलेलं असतं. दुसऱ्या प्रकाराला बहुधा कुणीच वाली नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. लिनक्सचा प्रश्न एकच आहे.

प्रश्न : भाऊ, आमचा पोट्टा म्हनते, टेम्प फोल्डर उडवून टाका, कॉम्प्युटर पळाले लागते. खरं हाये काय? अन् उडवलं तर संत्र्याच्या हिशेबाच्या माह्या फाइली त्यात जातीन काय?
(शेतकरी वाचक, ता. वरुड, जि. अमरावती)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हिशेबाच्या फाइल्स तुम्ही 'डॉक्युमेंट्स'मध्ये किंवा डी ड्राइव्हवर सेव्ह केल्या असतील तर त्यांना धक्का लागत नाही. टेम्पमध्ये आपण काही ठेवत नाही, प्रोग्राम ठेवतात. नवं सॉफ्टवेअर टाकताना त्याचे तुकडे आधी तिथे मोकळे होतात, झिपमधली फाइल उघडली की तिची प्रत तिथे पडते, मोठं काम चालू असताना अर्धवट माल तिथे राहतो. हंगामापुरतं खळं सारवावं, मळणी झाली की माल उचलून खळं मोकळं सोडावं, तसं प्रोग्रामने वागावं अशी अपेक्षा असते. पण मध्येच लाइन गेली किंवा प्रोग्राम अडकून बंद पडला की आवरायचं राहून जातं, आणि ते अर्धवट तिथेच पडून राहतं.

बघायचं असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात टक्क्याची खूण, इंग्रजीत टेम्प, परत टक्क्याची खूण असं लिहून एंटर मारा. जे फोल्डर उघडेल ते तुमच्या खात्याचं टेम्प. खुद्द विंडोजचं आणखी एक टेम्प सी ड्राइव्हवर 'विंडोज' फोल्डरच्या पोटात असतं. त्याच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

उडवण्याआधी कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा. काही सॉफ्टवेअर आपलं उरलेलं काम रीस्टार्टनंतर पुरं करतात आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स टेम्पमध्येच ठेवून जातात. आधी टेम्प साफ केलं तर ते काम अर्धवट राहतं. रीस्टार्ट झाल्यावर तारखेनुसार लावा आणि आठवड्याहून जुनं तेवढं काढा. 'ही फाइल वापरात आहे' असं आलं तर 'स्किप' म्हणायचं, जोरजबरदस्ती करायची नाही.

आता पोराच्या म्हणण्याबद्दल. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर फरक पडतो, कारण मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवरची जागा वापरतं आणि अपडेटलाही मोकळी जागा लागते. ड्राइव्हवर भरपूर जागा असताना टेम्प रिकामं करून कॉम्प्युटर पळत नाही. एका क्लिकमध्ये 'सगळा कचरा साफ' करून देणारी सॉफ्टवेअरं तर घेऊच नका. ती रजिस्ट्रीतही, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे लिहून ठेवतं त्या नोंदवहीतही, हात घालतात, आणि अशी रजिस्ट्री साफ करणारी साधनं वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. कॉम्प्युटर मंद असेल तर आधी कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि जिनिंगजवळच्या घरात तर पंख्याच्या पात्यांवर कापसाचा थर बसलेला असतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर जो फरक पडेल, तो शंभर वेळा टेम्प उडवूनही पडणार नाही.

प्रश्न : मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', पुढे कंसात दोन, तीन, चार असे ढीग झाले आहेत. त्यांत गिऱ्हाइकांचे आधार, सातबारे, जातीचे दाखले आहेत. कोणतं कुणाचं ते कळत नाही. उडवायला भीती वाटते, ठेवायलाही वाटते.
(केंद्रचालक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

ठेवण्याची भीती जास्त रास्त आहे, कारण तो कागद तुमचा नाही. आणि 'न्यू फोल्डर'चा दोष नावात जितका आहे तितकाच त्या जागेत आहे. नव्या कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह चालू असेल आणि त्यात डेस्कटॉपचा बॅकअप सुरू असेल, तर डेस्कटॉपवर टाकलेली प्रत्येक वस्तू इंटरनेटवरच्या खात्यात चढते. गिऱ्हाइकाचं आधार तुमच्या ईमेलच्या खात्यात जाऊन बसलंय हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि त्यालाही. आज सगळ्यात आधी हे तपासा : खाली घड्याळाजवळ निळा किंवा पांढरा ढग दिसतो का, आणि त्याच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप निवडलेला आहे का.

आता नवी पद्धत. डी ड्राइव्हवर 'तात्पुरतं' नावाचं एकच फोल्डर करा. त्यात रोज सकाळी त्या दिवसाचं फोल्डर. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवस दोन आकडी लिहा : जानेवारीचा शून्य-एक. आकडे इंग्रजी टाका. असं केलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणेही लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा एका जागी गोळा होतात आणि जुनं कोणतं ते शोधत बसावं लागतं. दिवसाच्या फोल्डरात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक फोल्डर, नाव म्हणून तुमच्या पावतीचा क्रमांक. आधार क्रमांक फोल्डरच्या नावात कधीही घालू नका. बाजूला बसलेल्या माणसाला पडद्यावर नावं दिसतात.

फाइल्स मुळातच या फोल्डरात याव्यात म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डाउनलोडपाशी जाऊन 'प्रत्येक फाइल कुठे सेव्ह करायची ते विचार' अशा अर्थाचं बटण चालू करा. दर वेळी एक क्लिक जास्त पडेल, पण डाउनलोड्सचा दुसरा ढीग तयार होणार नाही. स्कॅनरकडेही लक्ष द्या. पुष्कळ स्कॅनर आपली प्रत 'डॉक्युमेंट्स'च्या पोटात 'स्कॅन्ड डॉक्युमेंट्स' नावाच्या फोल्डरात टाकतात आणि तिकडे कुणी वर्षानुवर्षं फिरकत नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा बदलून दिवसाचं फोल्डर दाखवता येतं.

रिकामं कधी करायचं? अर्ज दाखल झाला, पोचपावती मिळाली, गिऱ्हाइकाची कागदं त्याच्या हातात परत गेली, की त्या फोल्डराचं काम संपलं. पण त्रुटी निघून अर्ज परत येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पोचपावती वेगळ्या, कायमच्या फोल्डरात हलवा आणि बाकीचं ठरावीक मुदतीपर्यंत ठेवा. मुदत किती ते योजनेवर आहे, पण ती फोल्डर करतानाच ठरली पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलेली बरी : 'भाऊ, तुमचे कागद आठ दिवस ठेवतो, मग काढून टाकतो.' काम संपल्यावर माणसाची माहिती जवळ ठेवू नये हे तत्त्व २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

दोन बारकावे राहिले. ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते : नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या इंग्रजीत आणि जन्मवर्ष. हा पासवर्ड गावात सगळ्यांना काढता येतो, पण निदान कुलूप तरी असतं. छपाईच्या सोयीसाठी 'प्रिंट टू पीडीएफ' करून जी नवी प्रत काढता तिला तेही नसतं. सगळ्यात आधी उडवायची ती हीच. दुसरं, डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जाते, आणि बिन रिकामं केलं तरी जुन्या हार्ड डिस्कवरून ती परत काढणारी साधनं मिळतात. विंडोज फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद करतं, मजकूर लगेच पुसत नाही. एसएसडीवर हे बरंच अवघड होतं. तुमच्या विंडोजची आवृत्ती प्रो असेल तर डी ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावा आणि त्याची किल्ली कागदावर लिहून घरी ठेवा. जुना कॉम्प्युटर विकताना डिस्क काढून घ्या. भंगारात तिचे मिळून मिळून किती मिळणार!

जुन्या ढिगाचं काय? तो एका बसणीत निवडायला जाऊ नका, वैतागून सोडून द्याल. सगळी 'न्यू फोल्डरं' डी ड्राइव्हवर 'जुना ढीग' नावाच्या फोल्डरात हलवा, नावापुढे आजची तारीख घाला. गिऱ्हाईक आलं आणि त्याचं काही लागलं तर तेवढं बाहेर काढा. दोन-तीन महिन्यांत जे कुणी मागितलं नाही ते सगळं एकगठ्ठा काढा.

प्रश्न : लाइन गेली तेव्हा प्रिंट चालू होती. आता प्रिंटर चालू आहे पण तीच प्रिंट अडकून बसली, रद्दही होत नाही.
(वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा)

छपाईची रांगही एक तात्पुरतं फोल्डरच असते. सर्च करून 'सर्व्हिसेस' उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' (ही रांग सांभाळणारा प्रोग्राम) शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'स्टॉप'. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, प्रिंटर्स या वाटेने जा आणि आतल्या फाइल्स उडवा. फोल्डर राहू द्या, फक्त आतलं काढा. परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. स्पूलर चालू ठेवून उडवायला गेलात तर फाइल वापरात आहे म्हणून विंडोज अडवेल.

प्रश्न : ईमेलवर आलेली प्रोजेक्टची वर्ड फाइल तिथूनच उघडली, रात्री दोनपर्यंत टाइप केलं, मधून मधून सेव्हही केलं. सकाळी मेलमधून उघडली तर जुनीच फाइल! सेव्ह केलेलं गेलं कुठे?
(विद्यार्थिनी, हिंगणघाट, जि. वर्धा)

ताई, आधी एक काम कर : टेम्प साफ करणारं काहीही चालवू नकोस, आणि भावालाही चालवू देऊ नकोस. तुझं काम बहुधा तिथेच आहे.

मेलमधली किंवा झिपमधली फाइल थेट उघडली की तिची एक प्रत एखाद्या तात्पुरत्या फोल्डरात पडते आणि वर्ड ती प्रत उघडतो. तू सेव्ह केलंस ते त्या प्रतीत. मेलमधली मूळ फाइल जशीच्या तशी राहते, तिला कुणी हात लावलेला नसतो. वर्ड उघड, 'फाइल', मग 'ओपन', मग 'रिसेंट'. तिथे फाइलच्या नावाखाली तिचा पत्ता दिसतो. पत्त्यात टेम्प, डाउनलोड्स किंवा आउटलुक वापरत असशील तर 'कंटेंट.आउटलुक' असं काही दिसेल. तिथून उघडली की लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करून डॉक्युमेंट्समध्ये टाक. रिसेंटमध्ये नसेल तर 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' इथे न सेव्ह झालेल्या फाइल्स परत मिळवायचा पर्याय आहे. तोही नाही लागला तर वर सांगितलेल्या रीतीने टेम्प उघड आणि शोधाच्या चौकटीत तुझ्या मजकुरातला एखादा शब्द नाही, तर फाइलच्या नावाचा पहिला तुकडा टाक.

शोधताना नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक छोटी फाइल दिसेल. ती तुझी फाइल नाही. फाइल उघडी आहे एवढं सांगणारी ती खूण असते, वर्ड बंद झाला की जाते.

पुढच्या वेळी मेल, झिप, पेनड्राइव्ह काहीही असो, फाइल आधी 'सेव्ह अ‍ॅज' करायची आणि मगच पहिलं अक्षर टाइप करायचं.

प्रश्न : आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत अल्बम करताना 'स्क्रॅच डिस्क भरली' असं सांगून फोटोशॉप उघडतच नाही. फोटो तर सगळे डी ड्राइव्हवर आहेत, सी ड्राइव्ह कशाने भरतो?
(वाचक, दिग्रस, जि. यवतमाळ)

फोटोशॉपला मेमरी पुरली नाही की तो डिस्कवर स्वतःची तात्पुरती फाइल करतो. मोठ्या पानांचा अल्बम, त्यात पाच-पन्नास लेयर, मागे जायची हिस्ट्री, हे सगळं तिथे जातं, आणि ती फाइल कित्येक जीबींची होते. फोटोशॉप नीट बंद केला तर तो ती स्वतः उडवतो. लाइन गेली तर ती राहते. पुढच्या वेळी नवी होते. लग्नसराईत भारनियमन किती वेळा भेटतं ते तुम्हीच मोजा.

लाइन आल्यावर आधी फोटोशॉप एकदा उघडा, त्याला वाचवलेलं काम दाखवायचं असेल ते दाखवू द्या, ते सेव्ह करा, मग बंद करा. त्यानंतर टेम्पमध्ये आणि ड्राइव्हच्या मुळाशी 'फोटोशॉप टेम्प' व पुढे आकडे अशा नावाच्या फाइल्स शोधा आणि काढा. फोटोशॉप बंद असताना त्या काढायला काही धोका नाही. मुळात उघडतच नसेल तर चालू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच डिस्क बदलायची चौकट येते. तिथे जास्त मोकळी जागा असलेला आतला ड्राइव्ह निवडा. पेनड्राइव्ह किंवा केबलने लावलेली डिस्क निवडू नका. केबल हलली की काम गेलं. आणि यूपीएस घ्या. स्टुडिओत कॅमेऱ्यावर जेवढा खर्च झालाय त्यापुढे त्याची किंमत काहीच नाही.

प्रश्न : शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकलं आहे. मुलांनी चित्रं 'टीएमपी' नावाच्या फोल्डरात ठेवली. दुसऱ्या दिवशी फोल्डर रिकामं. कुणी उडवली?
(शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, ता. अहेरी, जि. गडचिरोली)

कुणी मुलाने नाही, कॉम्प्युटरनेच. उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्समध्ये ड्राइव्हच्या मुळाशी असलेलं टीएमपी हे सगळ्यांसाठी उघडं फोल्डर असतं आणि ते कॉम्प्युटर चालू होताना रिकामं होतं, ही रीतच आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात तर ते थेट मेमरीतच ठेवलं जातं. म्हणजे वीज गेली की मजकूर संपला, डिस्कवर मागमूसही राहत नाही. विंडोजचं टेम्प वर्षभर साचत राहतं म्हणून लोकांना ती सवय लागलेली असते, लिनक्स मात्र शब्दाला पक्का आहे. 'व्हार' फोल्डरच्या पोटातही एक टीएमपी असतं, ते रीस्टार्टने जात नाही, पण महिनाभर हात न लागलेल्या फाइल्स तिथूनही काढायची सोय असते. मुलांची चित्रं तिथेही नकोत.

गुरुजी, मुलांसाठी होम फोल्डरात इयत्तेनुसार फोल्डरं करा. सगळी मुलं एकाच खात्याने बसत असतील तर एकमेकांची चित्रं उडणारच, म्हणून जमलं तर इयत्तेला एक खातं करा. टीएमपीमध्ये गंमत अशी की तिथे लिहू कुणीही शकतं, पण उडवू फक्त फाइलचा मालक शकतो. वेगळी खाती केली तर वरच्या वर्गातला पोरगा खालच्याचं काम उडवू शकणार नाही. तुम्हाला स्वतःला कधी निकालपत्रकं जोडायला तात्पुरती जागा हवी असेल तर टर्मिनलमध्ये 'एमकेटेम्प' ही आज्ञा डॅश आणि डी लावून द्या. कुणाला ओळखता न येणाऱ्या नावाचं, फक्त तुमच्या खात्याला उघडणारं फोल्डर तयार होतं आणि त्याचा पत्ता पडद्यावर येतो.

प्रश्न : नव्या कॉम्प्युटरवर माझं खातं मराठी अक्षरांत केलं. आता एक जुनं सॉफ्टवेअर टाकताना 'तात्पुरती फाइल करता येत नाही' अशी चूक येते. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करा.
(वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

फॉरमॅटची गरज नाही. तुमच्या टेम्पचा पत्ता तुमच्या खात्याच्या नावावरून जातो, म्हणजे त्या पत्त्यात देवनागरी अक्षरं आली. नवी सॉफ्टवेअरं युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा एकच अक्षरतक्ता, वापरतात, त्यांना अडचण येत नाही. जुनी सॉफ्टवेअरं विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिप्यांपुरत्या छोट्या अक्षरतक्त्यावर, चालतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज कधी नव्हतंच. त्यामुळे तुमचं नाव त्यांना प्रश्नचिन्हांची रांग दिसतं आणि त्या पत्त्यावर फोल्डर सापडत नाही.

सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत 'टेम्प' नावाचं साधं फोल्डर करा. मग सर्चमध्ये 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स' शोधून तुमच्या खात्याचे दोन पर्याय बदला : टेम्प आणि टीएमपी. दोन्ही बदला, कारण काही प्रोग्राम एक विचारतात, काही दुसरा. दोघांनाही नवा पत्ता देऊन साइन आउट करून परत या. पत्ता पेनड्राइव्हचा किंवा काढता येणाऱ्या डिस्कचा देऊ नका. ती लावलेली नसली की निम्मे प्रोग्राम रुसतील. नाव मराठीतच राहू द्या, त्यात चूक काही नाही.

याच जुन्या सॉफ्टवेअरांबद्दल आणखी एक सांगून ठेवतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीने तात्पुरत्या फाइलचं नाव मागितलं तर एका फोल्डरात, सुरुवातीची अक्षरं तीच असतील तर, जास्तीत जास्त ६५,५३५ नावं मिळतात. जे सॉफ्टवेअर आपल्या फाइल्स कधीच आवरत नाही ते वर्षांनंतर एक दिवस अचानक अडतं, आणि टेम्प रिकामं केलं की जादू झाल्यासारखं चालू होतं.

प्रश्न : पेनड्राइव्हवर 'फाउंड' आणि तीन शून्यं अशा नावाचं फोल्डर आलं. व्हायरस आहे का?
(वाचक, साकोली, जि. भंडारा)

नाही. पेनड्राइव्ह मध्येच ओढला किंवा वीज गेली, तर विंडोज डिस्क तपासताना ज्यांचा मालक सापडत नाही असे तुकडे या फोल्डरात टाकतं. आत 'सीएचके' शेपटीच्या फाइल्स असतील. तुमच्या सगळ्या फाइल्स जागेवर आणि नीट उघडत असतील तर ते फोल्डर उडवा. काही हरवलं असेल तर आधी त्या तुकड्यांची प्रत काढून ठेवा, फोटो असतील तर शेपटी बदलून जेपीजी केल्यावर काही उघडतात.

प्रश्न : विंडोज ११ घेतल्यावर सी ड्राइव्हवर 'विंडोज ओल्ड' नावाचं फार मोठं फोल्डर आलं. राइट क्लिक करून उडत नाही.
(वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार थांबला, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. ते तुमचं जुनं विंडोज आहे, परत जायचं झालं तर असावं म्हणून ठेवलेलं. परत जायची मुदत दहा दिवसांची, त्यानंतर विंडोज स्वतःच ते काढतं. घाई असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' इथे जाऊन जुन्या विंडोजपुढे खूण करा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. पुष्कळ जण सगळ्यांवर खुणा करतात आणि मग मुलाच्या मार्कशीट शोधत बसतात. डाउनलोड्स हे तात्पुरतं फोल्डर आहे असं विंडोजला वाटतं, आणि तुम्ही त्याला कपाट समजता. त्या खुणेपाशी थांबून वाचा.

प्रश्न : मी डी ड्राइव्हवर 'तात्पुरतं' फोल्डर केलं आहे. ते दर आठवड्याला आपोआप रिकामं व्हावं असं करता येईल का? विंडोजमध्ये 'स्टोरेज सेन्स' आहे म्हणतात.
(निवृत्त कृषी सहायक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

काका, स्टोरेज सेन्स २०१७पासून विंडोज १०मध्ये आहे आणि चांगलं आहे. ते प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइल्स काढतं, रीसायकल बिन ठरावीक दिवसांनी रिकामं करतं, सांगितलं तर डाउनलोड्सही. पण तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डराकडे ते बघत नाही.

त्यासाठी 'टास्क शेड्युलर'मधून आज्ञा लावता येते. विंडोजमध्येच 'फॉरफाइल्स' नावाची आज्ञा आहे, तिला 'सात दिवसांहून जुनं काढ' असं सांगता येतं. इथे एक फसगत आहे आणि ती कुणी सांगत नाही. ही आज्ञा फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख बघते. पेनड्राइव्हवरून आज कॉपी केलेल्या फाइलची ती तारीख जुनीच राहते, मागच्या वर्षी बदललेली असेल तर मागच्या वर्षाची. म्हणजे सकाळी आणलेला जुना सातबारा दुपारी 'जुना' म्हणून उडतो. झिपमधून काढलेल्या फाइल्सचंही तेच. तुमच्या फोल्डरात बाहेरून आणलेले कागदच जास्त असणार, म्हणून ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

इंटरनेटवर मिळणाऱ्या दोन ओळींच्या बॅच फाइल्सही नकोत, ज्यात पहिली ओळ 'या फोल्डरात जा' आणि दुसरी 'सगळं उडव' अशी असते. फोल्डरचं नाव बदललं किंवा डी ड्राइव्ह त्या दिवशी दिसला नाही तर पहिली ओळ फसते, दुसरी मात्र चालतेच, आणि जिथे उभी असेल तिथलं उडवते.

मेहकरच्या वाचकाला सांगितली तशी दिवसाच्या तारखेची फोल्डरं करा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, पिशवी उचलायच्या आधी, मागच्या बाजारापूर्वीची हाताने काढा. फाइलची तारीख काहीही असो, फोल्डरच्या नावातली तारीख तुम्ही घातलेली आहे, ती चुकत नाही. शिफ्ट दाबून कायमचं उडवू नका, साधं डिलीट करा. रीसायकल बिन स्टोरेज सेन्सच्या हवाली करून मुदत तीस दिवसांची ठेवा. काही चुकून गेलं तर महिनाभर ते बिनमध्ये सापडेल.